अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी पहिली शॉटगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. बंदूक कधीच हाताळलेली नाही, घरात लहान मुलं आहेत, अधूनमधून भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येऊन राहतात, अशा घराला डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. राज्याचे नियम बदलत असतात, म्हणून खरेदीआधी ते ताजे वाचून घ्या.

आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. शॉटगन घेता येईल का?

सर्वसाधारणपणे नाही, आणि मॉडेल-किंमत बघण्याच्या आधी हेच समजून घ्यायला हवं. फेडरल कायद्यानुसार (१८ यू.एस.सी. ९२२) नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे त्यात आले. कायद्यात मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे राज्याने दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स. ‘मित्राने असंच केलं’ एवढ्या भरवशावर तो वापरू नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलं तर ते देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं, आणि ते ग्रीन कार्डधारकालाही लागू आहे. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने बंदूक घेणं हेही कायद्याच्या दृष्टीने बाळगणंच आहे.

ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना ए-नंबर (इमिग्रेशनचा ओळख क्रमांक) लिहावा लागतो आणि त्याच राज्यात राहत असल्याचं फोटो ओळखपत्र लागतं. ग्रीन कार्डचा अर्ज नुसता प्रलंबित असेल, तर कार्ड हातात आलं असं धरून चालू नका.

नवरा नागरिक आहे, बायको अजून एच-४ वर आहे. मग?

नागरिक असलेली व्यक्ती स्वतःसाठी घेऊ शकते. पण ‘बाळगणं’ म्हणजे केवळ हातात धरणं नव्हे. बंदुकीवर ताबा असणं, हवी तेव्हा ती काढता येणं, हेही त्यात येऊ शकतं. म्हणून तिजोरीचा कोड किंवा किल्ली फक्त नागरिकाकडेच हवी. पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांनाही हेच लागू.

मित्राच्या नावावर घेऊन आपल्या घरी ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. ‘खरा खरेदीदार तुम्हीच का?’ असा प्रश्न फॉर्मवर असतो. दुसऱ्यासाठी अशी खरेदी करण्यावर २०२२ पासून वेगळं कलम आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते. गांजाबद्दलही प्रश्न आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मला ते चालत नाही, आणि खोटं उत्तर लिहिणं हाच गुन्हा.

आमच्या राज्यात काय लागतं?

टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत परवानाधारक दुकानातून शॉटगन घ्यायला ओळखपत्र, ४४७३ फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी एवढंच. न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (राज्याचं बंदूकमालकाचं ओळखपत्र) हवं, शिवाय खरेदीनंतर ताबा मिळेपर्यंत ७२ तास थांबावं लागतं. कॅलिफोर्नियात फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची लेखी परीक्षा आणि १० दिवसांची प्रतीक्षा आहे. मॅसॅच्युसेट्समध्येही आधी लायसन्स. फेडरल कायद्यात शॉटगनसाठी वय १८, पण काही राज्यांत २१.

सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) शॉटगनवर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क इथे जादा बंधनं आहेत: पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ), घडी होणारा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), किती काडतुसं मावतात वगैरे. साध्या पंप (हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) शॉटगनला यातलं फारसं काही आड येत नाही. या राज्यांत पहिल्या खरेदीसाठी पंपाकडे कल असण्याचं ते एक मोठं कारण.

पण शॉटगनच का? पिस्तूल का नको?

दस्ता खांद्याला, गाल दस्त्यावर आणि दोन्ही हात बंदुकीवर असे चार टेकू मिळाल्यामुळे नवख्या माणसाचा नेम पिस्तुलापेक्षा शॉटगनने बरा लागतो. एका गोळीत परिणाम जास्त, किंमत कमी. तोटेही खरे आहेत. ती लांब असते, धक्का जोरात बसतो, ट्यूबमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यात) पाच-सहाच काडतुसं मावतात आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. खांद्याचं दुखणं असेल किंवा घरात कुणीच सराव करणार नसेल, तर ती घेऊ नका.

आणि बंदुकीआधी दार बघा. बहुतेक घरांत दाराच्या चौकटीवरची स्ट्राइक प्लेट पाऊण-एक इंची स्क्रूंवर असते, एका लाथेत निघते. तिथे ३ इंची स्क्रू घाला, म्हणजे ते चौकटीमागच्या मुख्य लाकडी खांबापर्यंत जातील. अंगणात हालचालीवर लागणारा दिवा आणि खिडक्यांना अलार्म हवा. यात मिळालेले दोन मिनिटं कुठल्याही महाग शॉटगनपेक्षा मोलाचे आहेत.

१२ गेज की २० गेज?

गेज म्हणजे नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो तो आकडा. म्हणून आकडा मोठा तितकी नळी लहान. १२ गेजचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, २० गेजचा १५.६.

१२ गेज घ्या, असं बहुतेकांना सांगता येतं. त्यात घरासाठीची काडतुसं भरपूर प्रकारांत मिळतात आणि ‘रिड्यूस्ड रिकॉइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काडतुसांनी धक्काही आटोक्यात येतो. २० गेजची बंदूक हलकी असते. हलक्या बंदुकीचा धक्का अंगावर जास्त येतो, त्यामुळे ‘२० गेज म्हणजे सौम्य’ हे प्रत्येक वेळी खरं ठरत नाही. तरी बारीक चणीच्या व्यक्तीला हातात घेऊन २० गेजच बरी वाटली, तर ती चांगली निवड आहे. फक्त तिच्यासाठी बकशॉटचे (मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांचे) प्रकार कमी मिळतात.

घरात दोन्ही गेज कधीही एकत्र ठेवू नका. २० गेजचं काडतूस चुकून १२ गेजच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) गेलं, तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागून १२ गेजचं काडतूस घालतो, आणि उडवल्यावर नळी फुटते. २० गेजचं कवच पिवळं ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली.

पंप की सेमी-ऑटो?

पंप स्वस्त, टिकाऊ, आणि सौम्य-कडक कुठलंही काडतूस खातो. त्याचा दोष एकच, पण मोठा आहे: घाबरलेला माणूस फोरएंड (नळीखालची सरकती पुढची मूठ) पुरता मागे ओढत नाही. याला शॉर्ट-स्ट्रोक म्हणतात. रिकामं कवच बाहेर पडत नाही किंवा नवं काडतूस वर येत नाही, आणि बंदूक अडकते. यावर उपाय सरावच. फोरएंड मागे थडकेपर्यंत ओढायचा, पुढे थडकेपर्यंत ढकलायचा, आणि दोन्ही वेळा जोर लावूनच.

सेमी-ऑटोत हे काम बंदूकच करते, आणि धक्काही कमी लागतो, विशेषतः गॅसवर (काडतुसातल्या दारूच्या वायूवर) चालणाऱ्या प्रकारात. एका हाताला दुखापत झाली तरी पुढची गोळी तयार असते. पण काही सेमी-ऑटो हलक्या काडतुसांवर अडकतात. इनर्शियावर (बंदूक मागे सरकण्याच्या जोरावर) चालणाऱ्या बंदुकीला जड दिवा आणि जादा काडतुसं लावली की वजन वाढतं, बंदूक पुरेशी मागे सरकत नाही आणि यंत्रणा अपुरी फिरते. सेमी-ऑटो घेणार असाल तर चांगलीच घ्या. स्वस्तातली सेमी-ऑटो हा सर्वांत वाईट सौदा.

नेमकं कोणतं मॉडेल?

पंपात मॉसबर्ग ५०० आणि ५९०, रेमिंग्टन ८७०, आणि बजेट कमी असेल तर मॅव्हरिक ८८. ८७० ही १९५० पासून चालत आलेली रचना, मॉसबर्ग ५०० साठच्या दशकाच्या सुरुवातीची. सुटे भाग सगळीकडे मिळतात. मॅव्हरिक साधारण अडीचशे-तीनशे डॉलरला पडते आणि पहिल्या बंदुकीसाठी तिच्यात कमीपणा काही नाही. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत बेरेटा १३०१ आणि मॉसबर्ग ९४० ही दोन नावं आधी बघा. बेरेटाला दीड हजार डॉलरच्या वर जायची तयारी ठेवा.

दुकानात तिन्ही पंप हातात घेऊन सेफ्टी कुठे आहे ते बघा. मॉसबर्ग ५०० आणि ५९० वर ती वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येते. डावखुऱ्यांना हे फार सोयीचं. ८७० वर ती ट्रिगरच्या मागे आडवं बटण म्हणून आहे, मॅव्हरिकवर ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला. मॉसबर्गला पिस्तूल ग्रिपचा दस्ता लावला की अंगठा त्या वरच्या सेफ्टीपर्यंत सहज पोचत नाही, म्हणून तिला सरळ दस्ताच ठेवा.

दस्ताच नसलेल्या, नुसत्या मुठीच्या आखूड बंदुका दिसायला आटोपशीर वाटतात. पहिली बंदूक म्हणून त्या घेऊ नका. खांद्याला टेकू नाही, म्हणजे नेमही नाही.

नळी किती लांब हवी?

१८ ते १८.५ इंच. याहून आखूड घ्यायची नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार १८ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असलेली शॉटगन फेडरल नोंदणीशिवाय ठेवणं गुन्हा आहे. नळी मोजायची ती बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) तोंडापासून. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट बंद करा, नळीच्या टोकाकडून लाकडी काठी टेकेपर्यंत आत सोडा, टोकाशी खूण करा आणि काठी मोजा. जुनी बंदूक कुणाकडून घेत असाल, तर हे आधी करा.

बंदूक अंगाला बसते की नाही हे कसं कळतं?

इथे सर्वांत जास्त चुका होतात. दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतच्या अंतराला लेंथ ऑफ पुल म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या शॉटगनवर ते १४ इंचांच्या आसपास असतं. सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाला, त्यातही थंडीतलं जाड जॅकेट अंगावर असताना, ते लांब पडतं. मग माणूस मागे झुकतो, हात पुढे ताणतो, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर येतो. मग धक्का खांद्याला मुक्का मारतो आणि ‘मला शॉटगन झेपत नाही’ असा समज होतो.

तपासायचं असं: बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, खांद्याला लावा आणि गाल दस्त्यावर टेकवा. नाक आणि ट्रिगरकडच्या हाताच्या अंगठ्यात दोन-तीन बोटांचं अंतर राहावं, पुढच्या हाताचा कोपर ताणून सरळ होऊ नये, आणि फोरएंड पूर्ण पुढे नेताना खांद्यातून बंदूक सुटू नये. घरात दोघंजण वापरणार असतील, तर कमी उंचीच्या व्यक्तीच्या मापाने बसवा. उंच माणसाला आखूड दस्ता चालतो, बुटक्याला लांब चालत नाही. मॅगपुल एसजीए दस्त्याच्या स्पेसर काढून-घालून लांबी १२.५ ते १४.५ इंचांपर्यंत बदलता येते. नाहीतर यूथ (लहान मापाचा) दस्ता घ्या.

काडतूस कोणतं?

पावणेतीन इंची १२ गेज, डबल-ऑट बकशॉट, आठ किंवा नऊ छर्रे. प्रत्येक छर्रा साधारण ८.४ मिलिमीटर. ३ इंची मॅग्नम नको, साडेतीन इंची तर नकोच. धक्का वाढतो, ट्यूबमध्ये काडतुसं कमी मावतात आणि घरातल्या अंतरावर फायदा काही नाही.

छर्रे कसे विखुरतात हे काडतुसातल्या वॉडवर (छर्रे धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपावर) अवलंबून असतं. फेडरलचा फ्लाइटकंट्रोल वॉड आणि हॉर्नेडीचा व्हर्साटाइट वॉड छर्रे एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे खोलीभर अंतरावर सगळे छर्रे मुठीएवढ्या वर्तुळात पडतात. घरात हेच हवं, कारण लक्ष्याबाहेर गेलेला एकेक छर्रा शेजारच्या खोलीत जातो. रिड्यूस्ड रिकॉइल प्रकार निवडा.

पक्ष्यांसाठीचा बारीक बर्डशॉट सरावासाठी. तो स्वस्त असतो, पण माणसाच्या शरीरात पुरेसा खोल जात नाही, म्हणून संरक्षणासाठी त्यावर विसंबू नका. स्लग म्हणजे एकच जड शिशाचा गोळा. घरात त्याला जागा नाही. रबरी गोळ्या आणि ‘आधी रिकामं काडतूस ठेवू’ हे दोन्ही सल्ले टाळा.

२० गेजसाठी क्रमांक ३ बकशॉट हा नेहमीचा पर्याय.

भिंतीतून आरपार जातं का?

जातं. अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन ड्रायवॉल आणि मधे पोकळी. डबल-ऑट बकशॉट अशा एकाहून अधिक भिंती पार करतं. जवळून मारलेला बर्डशॉटही एक भिंत सहज ओलांडतो. ‘भिंतीत थांबेल पण माणसाला थांबवेल’ असं काडतूस बाजारात नाही.

म्हणून कोन आधी ठरवा. दिवसा, रिकाम्या हाताने घरात फिरा. बेडरूमच्या दारात उभं राहिलं तर जिन्याच्या दिशेला पलीकडे काय आहे? मुलांची खोली? शेजाऱ्याची सामाईक भिंत? टाउनहाउसमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार आहे. ज्या दिशेला घरचं कुणी झोपतं ती दिशा बंद, हे सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा. पुस्तकांनी भरलेलं कपाट एखाद्या भिंतीला लावलं तर मदतच होते.

शॉटगनला नेम धरावा लागत नाही म्हणतात, खरं का?

खोटं आहे. नेहमीचं बकशॉट साध्या नळीतून दर यार्डाला ढोबळमानाने एक इंच पसरतं. पाच यार्डांवर, म्हणजे १५ फुटांवर, ते साधारण पाच इंचांचंच असतं. तुमच्या बंदुकीचा हिशोब कागदावरच काढा:

घरात सर्वांत लांब सरळ रेषा किती ते टेपने मोजा. बहुतेक घरांत ती १० ते १५ यार्डांच्या आत येते. रेंजवर मोठा कागद लावून ३, ५, ७, १० आणि १५ यार्डांवरून प्रत्येकी एक गोळी मारा, प्रत्येक वेळी नवा कागद. प्रत्येक कागदावर अंतर, काडतुसाचं पूर्ण नाव आणि छऱ्यांच्या वर्तुळाचा व्यास लिहा. दोन-तीन प्रकारांची काडतुसं अशी बघून जे सर्वांत आवळ पडतं ते ठेवा. काडतूस बदललं की परीक्षा पुन्हा. नळीला चोक (टोकाशी नळी आवळणारा सुटा भाग) लावायची सोय असेल तर सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे न आवळणारा किंवा अगदी कमी आवळणारा चोक लावा. विशेष वॉडच्या काडतुसांना घट्ट चोक उलट बाधतो.

दिवा खरंच गरजेचा आहे का?

बाकीची सगळी उपकरणं ऐच्छिक आहेत, दिवा नाही.

भारतातून आई-बाबा येऊन चार दिवस झालेत. जेटलॅगमुळे बाबा पहाटे तीनला जागे होतात, अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात जातात, चहाचं आधण ठेवताना पातेलं वाजतं. वरच्या मजल्यावर तुम्ही दचकून उठता. मराठी घरात या प्रसंगाची शक्यता चोर येण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. समोर कोण आहे हे डोळ्यांनी ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये, आणि अंधारात ओळखायला उजेड लागतो.

पंपासाठी फोरएंडमध्येच बसवलेला दिवा घ्या: श्युअरफायरचा डीएसएफ किंवा स्ट्रीमलाइटचा टीएल-रॅकर. घेताना तुमच्याच मॉडेलचा घ्या, मॉसबर्ग आणि रेमिंग्टनचे फोरएंड वेगळे असतात. मॉसबर्गला तो बसवताना नट काढायला खास पाना लागतो. बटण दाबलं की उजेड, सोडलं की अंधार, अशा रीतीने वापरायची सवय लावा. लिथियम बॅटऱ्या घाला आणि वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी बदला.

बंदुकीवरचा दिवा शोधाशोधीसाठी नाही, कारण दिवा जिथे तिथे नळीही. त्यासाठी उशाशी वेगळी टॉर्च ठेवा. दिवा छताकडे किंवा खाली जमिनीकडे मारला तरी परावर्तित उजेडात पांढऱ्या भिंतींची खोली पुरेशी दिसते.

आणखी काय लावावं?

पट्टा हवा. दार उघडायला, मूल उचलायला हात मोकळे लागतात. बाजूला चार-सहा जादा काडतुसांचा वेल्क्रो पट्टा उपयोगी. स्क्रूने बसणारी धातूची पट्टी घेतलीत तर स्क्रू फार आवळू नका, रिसीव्हर (बंदुकीचा मधला धातूचा सांगाडा) दाबला जाऊन पंप जड चालायला लागतो. साधा मणी असलेला नेम घरासाठी पुरतो. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारं उपकरण) नंतर बघा. ट्यूबची क्षमता वाढवायची असेल तर खरेदीआधीच ठरवा: नेहमीच्या मॉसबर्ग ५०० ची ट्यूब वाढवता येत नाही, त्यासाठी ५९० घ्यावी लागते.

भरून ठेवायची का? कशी?

चेंबर रिकामं, ट्यूब भरलेली. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, घोडा (आतला हॅमर) अडवत नाही. चेंबरमध्ये काडतूस असताना बंदूक आपटली तर ती उडू शकते. म्हणून घरात ठेवताना चेंबरमध्ये काडतूस नाही, हा नियम पक्का.

पंपाची पद्धत अशी. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट मागे ओढा, चेंबर आणि ट्यूबचं तोंड डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा, उजेड कमी असेल तर विशेषच. बोल्ट पुढे न्या. नळी सुरक्षित दिशेला करून ट्रिगर दाबा, घोडा पडल्याचा आवाज येईल. आता फोरएंड कुलूपमुक्त आहे, वेळ आली तर बाजूचं बटण न शोधता थेट ओढता येतो. यानंतर काडतुसं आणून ट्यूबमध्ये भरा, क्षमतेपेक्षा एक कमी. सेफ्टी कुठल्या स्थितीत ठेवायची ते एकदा ठरवा आणि कधी बदलू नका.

ट्यूबमधली काडतुसं वर्षानुवर्षं तशीच राहिली तर स्प्रिंगच्या दाबाने प्लॅस्टिकचं कवच चपटतं, फुगतं आणि मग चेंबरमध्ये अडकतं. काही महिन्यांनी काढा, बोटांनी फिरवून तपासा, जुनी रेंजवर संपवा.

मुलं असलेल्या घरात ठेवायची कुठे?

कुलुपात, नेहमी. कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखाली, दारामागे ही ठेवण्याची जागाच नव्हे. मुलांना घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू ठाऊक असते, चकलीच्या डब्यापासून सगळी. भिंतीच्या मुख्य खांबात बोल्टने ठोकलेलं, पटकन उघडणारं लॉक किंवा उभी अरुंद तिजोरी घ्या. यांत्रिक बटणांचं कुलूप बॅटरीवर अवलंबून नसतं, म्हणून ते आधी निवडा. बोटाचा ठसा वाचणारं घेतलंत तर ओल्या, घामेजल्या बोटांनी दहा वेळा उघडून बघा. उरलेली काडतुसं वेगळ्या कुलुपात.

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि इतर बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती बंदूक पडली तर मालकावर गुन्हा दाखल होतो.

घरात कुणी नैराश्यात असेल तर?

घेऊ नका. घेतलेली असेल तर राज्याच्या नियमांत बसेल तसं ती काही काळ घराबाहेर ठेवा. बऱ्याच ठिकाणी बंदुकीची दुकानं आणि पोलिस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात. घरात बंदूक असणं आणि आत्महत्येचा धोका वाढणं यांचा संबंध संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसला आहे. यात नोकरी गेलेला नवरा, परीक्षेत अडकलेला मुलगा, एकटी पडलेली आजी, कुणीही येतं. ९८८ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज केला तर चोवीस तास मदत मिळते.

रात्री कुणी घुसल्याची शंका आली तर?

खाली जाऊन शोधू नका. एकट्याने घर तपासणं प्रशिक्षित माणसालाही धोक्याचं असतं. घरातल्या सगळ्यांना आधी ठरवलेल्या खोलीत आणा, दार लावा, ९११ ला फोन करा आणि लाइन चालू ठेवा. पत्ता, कोण कुठे आहे, घरात बंदूक आहे, तुम्ही कसे दिसता, काय कपडे घातलेत हे सांगा. मोठ्याने ओरडा: मराठीतून आधी घरच्यांची नावं, मग इंग्रजीतून इशारा. माणसं मोजा. कोण कमी आहे हे कळेपर्यंत नळी खाली.

पोलिस आत येण्याआधी बंदूक खाली ठेवा, हात रिकामे आणि दिसतील असे. हातात लांब बंदूक घेतलेला अनोळखी माणूस पोलिसांना दिसता कामा नये.

घरात जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा बळ वापरायची मुभा बहुतेक राज्यांचा कायदा देतो. गाडी चोरून पळणाऱ्यावर, अंगणातून पॅकेज उचलणाऱ्यावर गोळी झाडणं त्यात बसत नाही.

नवीन बंदूक आणल्यावर पहिलं काय?

मॅन्युअल वाचून ती उघडा आणि कारखान्यातून लावलेलं चिकट संरक्षक तेल पुसून काढा. नळी ब्रशने साफ करा, चेंबर कोरडं ठेवा आणि ॲक्शन बारवर (फोरएंड आणि बोल्ट जोडणाऱ्या पट्ट्यांवर) पातळ तेल लावा. मग डमी (न उडणाऱ्या) काडतुसांनी घरी भरणं, पंप करणं, रिकामी करणं इतकं करा की न बघता होईल. खऱ्या काडतुसांची पेटी त्या वेळी त्या खोलीत नको.

रेंजवर सुमारे शंभर बर्डशॉट आणि निवडलेल्या बकशॉटची निदान वीस-पंचवीस मारून बघा. बकशॉट महाग आहे म्हणून ही पायरी गाळू नका. तुमच्या बंदुकीत ते चालतं की नाही हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. दिवा लावल्यावर पुन्हा तपासा, स्क्रू ढिले होतात. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) पुरे, लाल नको.

एक दिवसाचा शॉटगन कोर्स जरूर करा. नव्या दिव्यापेक्षा तो आधी.

धक्का सहन होत नाही.

पाय खांद्याएवढे फाकवा, वजन पुढच्या पायावर, छाती किंचित पुढे. पुढच्या हाताने फोरएंड पुढे ढकला आणि मागच्या हाताने दस्ता खांद्यात ओढा, दोन्ही एकाच वेळी. मग धक्क्याचा बराच भाग हातांतच जिरतो. सुरुवात हलक्या टार्गेट काडतुसांनी आणि पहिल्या दिवशी पंचवीसच. दमलेला माणूस डोळे मिटून ट्रिगर हिसकायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

पंप अडकला तर?

बोट ट्रिगरबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. कवच चेंबरमध्येच चिकटलं असेल तर मॅन्युअलमधल्या पद्धतीने सोडवा. नळीसमोर हात येऊ देऊ नका. स्वस्त स्टील बुडाची काडतुसं खडबडीत चेंबरमध्ये तापून चिकटतात. चेंबर नीट घासून साफ केल्यावर बहुधा सुटतात, नाहीतर गनस्मिथकडून पॉलिश करून घ्या. ट्रिगर दाबल्यावर नेहमीसारखा आवाज न येता ‘फुस्स’ झालं, तर लगेच थांबा. नळीत वॉड अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

कानांचं काय?

१२ गेजचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, बंद खोलीत तो आणखी अंगावर येतो. रेंजवर कानात बोळे आणि वर इयरमफ, दोन्ही. तिजोरीत इलेक्ट्रॉनिक इयरमफ ठेवा. ते मोठा आवाज अडवतात आणि बारीक आवाज वाढवून ऐकवतात, म्हणजे मुलांची हाकही ऐकू येते.

भारतात अशी शॉटगन घेता येते का?

नियम पूर्ण वेगळे आहेत. आर्म्स ॲक्ट १९५९ आणि आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलिस आयुक्तांचा परवाना लागतो, आणि तो मिळणं सोपं नाही. अमेरिकेतली बंदूक सोबत नेण्याचा विचारही करू नका.

भारतात जाताना काही काळजी?

रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला कधीच घेऊ नका. अस्तरात किंवा बाजूच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘चुकून राहिलं’ हे नंतर कोर्टात सांगावं लागतं. रेंजसाठी वेगळ्या रंगाची बॅग ठेवा, ती गॅरेजमध्येच राहू द्या, आणि जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.